लिंपलेली ढोली

आंबेखोल खोऱ्यातील महाधनेशांची सर्व घरटी सुखरूप आहेत, असे धनेश पुनरुज्जीवन प्रकल्पाने जाहीर केले. ‘सुखरूप’ या शब्दाचा अर्थ पक्षिशास्त्रज्ञ डॉ. मृणाल गवस यांना त्याच आठवड्यात एका बेहड्याच्या झाडावर समजला.

महाधनेशाची मादी अंडी घालण्यापूर्वी ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला आत कोंडून घेते आणि पिसे गाळते. उडता न येणारी ती नराच्या भरवशावर जगते. तो फळे आणून फटीतून भरवतो. यंदाच्या उष्म्याने नर मेले, तेव्हा प्रकल्पाने यांत्रिक नर पाठवले. माद्यांनी त्यांच्या चोचीतली उंबरे मुकाट घेतली. उपासमारीच्या या तडजोडीला प्रकल्पाच्या माहितीपटात ‘जडलेला जीव’ म्हटले होते.

यांत्रिक नर समोरच्या फांदीवर पंख मिटून बसला होता. मादीची चोच फटीतून त्याच्याच दिशेने बाहेर आली होती आणि उघडीच राहिली होती. शिडीवर चढून मृणाल यांनी तिला बोट लावले. ती हलली नाही. आत पिलाचाही आवाज नव्हता.

त्यांनी तिथूनच प्रकल्पसंचालक पाळंदे यांना फोन लावला.

“तुमचा नर बिघडलाय का हो?”

“छे, बिघडतोय कसला! उत्तम यंत्र आहे, मॅडम. आम्हीच सगळे बंद केलेत.”

“मादी आत असताना?”

पाळंदे अडखळले नाहीत. पुढे चौकशीतही त्यांनी तेच उत्तर न बदलता दिले:

“घरट्यांची मोजणी संपली होती. मादी आत आहे हे आम्हाला माहीत होतं, पण अहवालात ती आधीच सुखरूप होती.”