दुसरी टिचकी

“त्याच्या गुडघ्यावर पड,” एमिलची आई ब्रेक्केबाई म्हणाल्या. “एकदाच. दोनशे दहा पौंडांचा गडी तू, तुला काय अवघड आहे?”

आर्विडला आधी वाटलं, आपण भलतंच ऐकलं. त्याचा उजवा कान लहानपणीच्या तापात गेला होता आणि त्या कानापायी सैन्यानं त्याला परत पाठवलं होतं. पण ब्रेक्केबाई त्याच्या डावीकडे उभ्या होत्या. फडक्यात बांधलेल्या बटाट्याच्या ऊन पोळ्या त्यांनी त्याच्या हातात कोंबल्या.

“मंगळवारी त्याची सैन्यात जायची गाडी आहे. मोडक्या पायाच्या माणसाला नेत नाहीत. थोरला निल्स लढाईत गेला तेव्हा मी खिडकीतल्या झेंड्यावरचा, पोर सैन्यात असल्याचा निळा तारा उसवला आणि पोर गेल्याचा सोनेरी शिवला. दुसरा शिवणार नाही.”

“एमिलला ठाऊक आहे हे?”

“वेडा आहेस का?”

सप्टेंबरात कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात चौतीस जण होते. मग दर सोमवारी टपालातून सैन्याची बोलावणी येत गेली. प्रशिक्षकही गेले, आणि लॅटिन शिकवणारे थोरसन सर गळ्यात शिट्टी अडकवून उभे राहू लागले. सहा सामने झाले, सहाही हरले. आज शेवटचा. उरले होते बरोबर अकरा, बदलीला कुणी नाही. सर म्हणाले, बेचाळीस सालात याहून जास्त मागणं म्हणजे चैन आहे.

चेंडू कितव्या आकड्यावर उचलायचा ते आधी ठरायचं आणि मागून एक जण आकडे ओरडायचा. गलक्यात आर्विडला ते ऐकू यायचे नाहीत. म्हणून डावीकडे वाकलेला एमिल दर आकड्याला त्याच्या मांडीवर टिचकी मारायचा. तीन वर्षं हेच चाललं होतं आणि एमिल एकदाही चुकला नव्हता. आर्विडही नाही. समोरचे धिप्पाड गडी एमिलवर चालून आले की त्याचा खांदा आपसूक मध्ये जायचा.

आजही तो तसाच जात राहिला. चार वेळा एमिल त्याच्यासमोर चिखलात आडवा झाला आणि चारही वेळा आर्विडनं दुसऱ्याच कुणाला तरी अंगावर घेतलं. मध्यंतरात सगळ्यांनी पोळ्यांवर ताव मारला. आर्विडनं आपल्या वाटची पोळी तशीच फडक्यात गुंडाळून ठेवली. कुंपणापाशी उभ्या असलेल्या बाईंकडे बघायची त्याला लाज वाटत होती.

शेवटचं मिनिट उरलं तेव्हा संघ एकतीस-शून्यनं मागे होता. अकरा जण घोळका करून उभे राहिले. “चेंडू दोनवर,” आकडे ओरडणारा पोरगा म्हणाला. सगळे जागेवर निघाले, तसा एमिल आर्विडच्या डाव्या कानाशी आला.

“आईनं तुलाही सांगितलंय ना?”

आर्विडनं वाकून बुटाची नाडी आवळली.

“आपल्यातल्या ओलाफला काल सांगितलं होतं. तो रडत माझ्याकडेच आला, बावळट.” एमिल हसला. “मी शहाण्यासारखं म्हटलं, जाऊ दे, म्हातारी काहीही बोलते. रात्रभर झोप नाही मला.”

“एमिल...”

“उजवा पाय मागे पसरून पडेन मी. आटप एकदाचं.”

दोघं शेजारी शेजारी वाकले. मांडीवर टिचकी बसली. दुसरी बसली. मग तिसरी, चौथी, पाचवी. आर्विडला क्षणभर कळेना, की मोजणीत काय घोटाळा झाला. मग कळलं. एमिलची बोटं थरथरत होती.

चेंडू केव्हाच उचलला गेला होता. अंगावर अंग आदळलं. एमिल पालथा पडला होता आणि त्याचा उजवा पाय, बोलल्याप्रमाणे, मागे लांब पसरलेला होता. आर्विड बरोबर त्याच्यावर होता. नुसतं अंग सोडायचं होतं. त्यानं सोडलंही, पण पडता पडता कोपर चिखलात रोवलं गेलं आणि तो सगळाच्या सगळा बाजूला कोसळला.

शिट्टी झाली. पलीकडचे लोक टोप्या उडवायला लागले.

एमिल थोडा वेळ तसाच पडून राहिला. मग उठून बसला आणि पाय जवळ घेतला.

“एवढंच मागितलं होतं रे,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच आर्विडला सोसवलं नाही.

ब्रेक्केबाई कुंपणापाशीच होत्या. दिवसभरात त्यांनी चेंडूकडे पाहिलंच नव्हतं. आताही त्या येणाऱ्या मुलाचे पाय बघत होत्या. एमिल सरळ चालत आला. आर्विड मागे दहा पावलांवर थांबला.

“कुठं लागलं का?” त्यांनी विचारलं. विचारलं एमिलला, बघत होत्या आर्विडकडे.

“नाही, आई,” एमिल म्हणाला. “साधं खरचटलंसुद्धा नाही.”