पाण्यावर मीठ आलं तेव्हा

दवाखान्याच्या हौदात गोमाजी ओंडक्यासारखे तरंगत होते. पाणी छातीएवढंच होतं.

"पाय टेका की खाली," काठावरून त्यांची बायको धायाबाई म्हणाल्या.

"टेकले तर पडेन."

सारा जन्म मिठागरात काढलेला हा माणूस गेल्या वर्षी बांधावरून पडला. हाडं जुळली, पण उभं राहायचा धीर काही परत आला नाही. म्हणून डॉक्टरांनी त्यांना या हौदावर पाठवलं होतं. इथलं यंत्र पाण्यातल्या आयनांची एकमेकांबद्दलची ओढ कमी करायचं. मग पाण्यात भरमसाट मीठ विरघळायचं, पाणी जड व्हायचं आणि माणूस बुडायचं म्हटलं तरी बुडत नसे.

वेळ संपली. रोज आधी पेशंटला बाहेर काढत आणि मगच यंत्र बंद करत. आज धायाबाईंनी थेरपिस्ट मुग्धाला अडवलं. "राहू दे गं त्यांना आत. तू कळ फिरव."

मुग्धाने घाबरतच कळ हळूहळू उलटी फिरवली. आयन पुन्हा एकमेकांना ओढू लागले आणि पाण्यावर मिठाची पांढरी साय धरली.

गोमाजींनी ती पाहिली. "अगं, मीठ आलंय. बुडलं तर मातीत जाईल," असं पुटपुटत ते दोन्ही हातांनी मीठ काठाशी ओढू लागले. एक ढीग झाला, दुसरा झाला. पाणी हलकं झालं होतं. आता ते कुणालाच उचलून धरत नव्हतं.

"आजी, आजोबा उभे..."

धायाबाईंनी मुग्धाचा हात दाबला. "त्यांना सांगू नकोस. आधी मीठ ओढून होऊ दे."