नंतर बसवलेलं

"गाडीत कारखान्याच्या बाहेरचं काही बसवलंय का?" कोमसननं अर्जावरचा सातवा प्रश्न वाचला आणि उत्तराची वाट न बघता पेन 'नाही'च्या चौकोनावर टेकवलं.

"थांब," बुसाबा म्हणाली. "हो लिही."

कोमसन विम्याचा एजंट, तिच्याच गावचा. त्यानं एकदा बुसाबाकडे पाहिलं, एकदा घराखाली सावलीत उभ्या असलेल्या तिच्या पांढऱ्या गाडीकडे. बुसाबाचा उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता. चार महिन्यांपूर्वी तिनं स्टिअरिंगखाली एक दांडी बसवून घेतली होती. दांडीपासून दोन सळया खाली पेडलांपर्यंत गेलेल्या. दांडी पुढे ढकलली की ब्रेक, आपल्याकडे ओढली की वेग. वाहन खात्यानं तपासून शिक्का मारला होता. विमा कंपनीला मात्र अजून काही ठाऊक नव्हतं, आणि जुना विमा उद्या संपत होता.

"मावशी, दांडी म्हटली की वरचे साहेब शंका काढतात. हप्ता वाढवतील, नाहीतर सरळ नाहीच म्हणतील. झाकली मूठ सव्वा लाखाची, माझं ऐका."

"ऐक ना त्याचं, बुसा," बाकावर बसलेली तिची थोरली बहीण संगवान म्हणाली. ती हार ओवत होती. तिच्या डाव्या हातावर लिंबाएवढा फुगवटा होता. डायलिसिसच्या सुया टोचायला डॉक्टरांनी शिरा जोडून केलेला. "ते नाही म्हणाले तर परवा शनिवारी मला उत्तरदितला डायलिसिसला कोण नेणार? तुझी खरेपणाची देवी?"

बुसाबानं मनाशी हिशेब केला. साठ किलोमीटर, आठवड्यातून तीनदा. विम्याशिवाय ती गाडी रस्त्यावर काढत नसे, आणि पहाटे साडेचारला तिथे जाणारी बस नव्हती. ताईचं म्हणणं चुकीचं नव्हतं, म्हणूनच तिला लागलं.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, ताई," ती शेवटी म्हणाली. "उद्या कुणाला धक्का लागला तर कंपनीचा माणूस पहिला फोटो दांडीचाच काढेल. मग तू, मी आणि तो धक्का लागलेला, तिघंही वाऱ्यावर. आपल्या गावच्या प्रसितचं काय झालं? गाडीत बसवलेली गॅसची टाकी कळवली नाही म्हणून विम्याचा एक पैसा मिळाला नाही बिचाऱ्याला." ती कोमसनकडे वळली. "त्यालाही तूच म्हणाला होतास ना रे, लिहू नको म्हणून?"

कोमसननं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं. मग मान खाली घालून त्यानं 'हो'वर खूण केली.

"हं. सांगा."

"हातानं चालवायची दांडी. काचांना काळी फिल्म. मागे ओढायचा हूक. आणि छताला आतून भिक्खूंनी आशीर्वाद म्हणून पांढऱ्या मातीनं काढून दिलेलं यंत्र."

"अहो मावशी, आशीर्वाद कुणी विम्यात लिहितं का?"

"गाडी कारखान्यातून आली तेव्हा होता का तो?"

"नव्हता."

"मग लिही."

त्यानं तेही लिहिलं. मग म्हणाला, आता फोटो लागतील. बुसाबा कुबडी घेऊन मागचा हूक दाखवायला गाडीच्या मागे गेली. तिचा आवाज तिकडून येतच होता, गंज दिसू दे, गंजही आमचाच आहे.

कोमसननं चालकाच्या बाजूचं दार उघडलं, मोबाइल वर धरला आणि थबकला. आरशाला चमेलीचा हार लटकत होता. गाडीची राखण करणाऱ्या देवीला रोज सकाळी वाहायचा. संगवान तो ओवल्याशिवाय तोंडात घास घालत नसे. त्यानं हार हळूच काढला आणि खाली वाकून पेडलांवर, सळयांवर नीट पसरला. वरच्या दांडीवर स्वतःचा रुमाल टाकला. अर्जात लिहायचं ते लिहिलं, फोटोत दिसलं नाही तर कोण विचारतंय. म्हाताऱ्यांचं भलंच करत होता तो, त्याच्या मते.

संगवाननं बाकावरून ते पाहिलं. त्यानंही तिला पाहिलं आणि डोळ्यांनीच खुणावलं, गप्प बसा, शनिवार तुमचाच आहे.

तिनं पुढचं फूल ओवलंही. मग हातातली सुई बाजूला ठेवून, बाकाला धरून उठली. दोन पावलं चालायला तिला वेळ लागला.

"पायाशी ठेवलास?" ती म्हणाली. "देवीचा हार, पाय ठेवायच्या जागी?"

कोमसनचा चेहरा उतरला. हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं. मोबाइल दातांत धरून त्यानं गडबडीनं दोन्ही हात कपाळाशी जोडले.

संगवाननं त्याला बाजूला सारलं. वाकून तिनं एकेक फूल जपत हार उचलला, कपाळाला लावला आणि डाव्या हातावर घेतला. उजव्या हातानं दांडीवरचा रुमाल उचलून त्याच्या खिशात कोंबला. दांडी आणि दोन्ही सळया उघड्या पडल्या.

"आता काढ," ती म्हणाली.

"मावशी, तुमचा हात मधे येतोय."

संगवाननं आपल्या हातावरच्या फुगवट्याकडे पाहिलं, मग दांडीकडे.

"येऊ दे," ती म्हणाली. "तोही नंतरच बसवलाय."