वर जाणारा वेग

“खाली येणारा वेग राहू द्या, इंजिनियर. वर जाणारा किती, ते सांगा,” दोन्या तार्खेलिया म्हणाल्या.

क्लेवेर इंजिनियर नव्हता. पण आमच्या एक्वादोरच्या डोंगरात जशी वडीलधारी बाई ‘दोन्या’ होते, तसा खांद्यावर शिडी असली की माणूस इंजिनियर होतो. शिडीबरोबर कंपनीचा टी-शर्ट असला, तर मोठा इंजिनियर. क्लेवेर खालच्या शहरातून यायचा, इंटरनेट विकायचा आणि जोडूनही द्यायचा. आजवर एकाही गिऱ्हाइकानं त्याला वर जाणारा, म्हणजे अपलोडचा, वेग विचारला नव्हता. लोकांना फुटबॉल हवा असतो, मालिका हव्या असतात. ते सगळं खालीच येतं.

“दोन्या, वरचं कोण बघतं? हा ‘सम्राट’ प्लॅन घ्या. एका घरात चार टीव्ही चालतात.”

“माझ्याकडे एक आहे. तोही झाकून ठेवलाय.”

“मग ‘सुखी परिवार’ घ्या.”

दोन्यांनी पत्रक बाजूला सारलं. मग म्हणाल्या, “माझी यादिरा मुर्सियाला आहे, स्पेनला. तिला इथलं सगळं दिसायला हवं, ऐकू जायला हवं. तिकडून काही यायचं नाही. इकडून जायचंय.”

“तिकडून पैसे यायला तार लागत नाही, बँक लागते,” क्लेवेर म्हणाला आणि स्वतःच हसला.

शेजारचे सेगुंदोकाका दोन्ही हातांत खुर्च्या घेऊन आत आले. भिंतीला लावून ठेवल्या आणि आणखी आणायला वळले. जाता जाता म्हणाले, “इंजिनियर, मागच्या कंपनीचा माणूसही असाच हसरा होता. त्याच्या तारेवर आता माझी सून कपडे वाळत घालते.”

“आमची तार तशी नाही हो.”

“बघा म्हणजे झालं. सुनेला अजून एक हवीच आहे.”

क्लेवेरनं खोलीभर नजर फिरवली. इतक्या खुर्च्या, चुलीवर कॉफीचं मोठं पातेलं, मक्याच्या पानांत गुंडाळून वाफवलेल्या हुमितांची टोपली. डिसेंबर अर्धा सरला होता.

“नऊ रात्रींची प्रार्थना तुमच्याकडेच का यंदा?”

“आजपासून.”

“वा! आमच्या गल्लीत पण आजच बसते.” अशी प्रार्थना आमच्याकडे इतर निमित्तांनीही बसते, पण नाताळच्या आधीच्या नऊ रात्री म्हणजे क्लेवेरचा जीव की प्राण. गरम दालचिनीची दारू, गाणी, पोरांचा गोंधळ. “बाळयेशूच्या गोठ्याचा देखावा कुठे मांडणार?”

“टेबल मोकळंच ठेवा. तिथे मेणबत्त्या येतील.”

टेबलावर यादिराचा फोटो होता. कोबी भरायच्या कारखान्यातली टोपी घालून ती तोंडभर हसत होती.

“आम्ही रात्री नाही, दुपारीच बसणार,” दोन्या म्हणाल्या. “इकडे दुपार, तेव्हा तिकडे संध्याकाळ. ती असते तिथे रात्री दार बंद करतात.”

“घरमालक कडक दिसतो.”

“कडक आहेत. पण शांत माणसं आहेत.”

“त्यापेक्षा नाताळला इकडेच बोलवायचं की तिला.”

“कागद झाले नाहीत.”

क्लेवेरनं समजुतीनं मान हलवली. आमच्याकडे ‘कागद’ म्हटल्यावर पुढचं कोणी विचारत नाही. प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी तिकडे कागदांसाठी अडकलेलं असतं. त्याचा स्वतःचा भाऊ बापाच्या आजारपणातही येऊ शकला नव्हता.

“होतील, दोन्या. माझ्या भावाचे झालेच ना शेवटी.”

“वकिलातीतला साहेब पण तेच म्हणतो. होतील.”

दोन्यांनी ओढणीनं फोटोची काच पुसली. पुसलेलीच होती.

“गेल्या वेळी बोलताना मी अडकले,” त्या म्हणाल्या. “चित्र अडकलं म्हणे माझं. तोंड उघडं, डोळे मिटलेले. केवढी हसली! म्हणाली, आई, तू शिंकायला गेलीस आणि तिथेच राहिलीस. ती मला स्वच्छ दिसत होती, ऐकू येत होती. माझंच काही पोचत नव्हतं.”

“तेच ते. वर जाणारा वेग कमी पडला.” क्लेवेर पहिल्यांदाच गंभीर झाला. “काही महत्त्वाचं सांगत होतात का?”

“आईला काय सांगायचं असतं? तेच. मग लाइन गेली.”

क्लेवेरनं ‘सम्राट’ची पत्रकं गुंडाळून पिशवीत टाकली.

“एक ‘दुकानदार’ प्लॅन आहे. जितकं खाली, तितकंच वर. घरगुती गिऱ्हाइकाला सहसा देत नाही आम्ही.”

“मग मला दुकानदार करा.”

त्यानं केलं. खांबावर चढला, तार आत घेतली, राउटर कपाटावर बसवला. कंपनी एवढ्याचेच पैसे देते. तरी त्यानं फोन उभा करायला साखरेच्या डब्याचा टेकूही दिला. तो फोन त्यांच्याकडे वळवी, तेव्हा दोन्या दर वेळी म्हणत, “मी नको. खुर्च्या दिसू देत. कोण कोण आलंय ते तिला कळायला हवं.”

माणसं जमू लागली. बायका येत, दोन्यांना जवळ घेत आणि न बोलता बसत. गावची माणसं भलतीच शिस्तीची, असं क्लेवेरला वाटलं. त्याच्या गल्लीत एव्हाना बाटली फिरली असती.

“लावा फोन,” तो ऐटीत म्हणाला. “अडकलं तर तार काढून नेतो.”

“सुनेला सांगू का?” सेगुंदोकाकांनी विचारलं, पण हळू आवाजात.

पडद्यावर एक अनोळखी बाई आली. दोन्या म्हणाल्या, “ही लुपे. यादिराच्या खोलीतली.”

“लुपेताई, आम्ही दिसतोय का?” क्लेवेर ओरडला.

“स्वच्छ. मेणबत्त्यासुद्धा.”

“आवाज?”

“अगदी इथे बसल्यासारखा.”

“बघितलंत, दोन्या? चाललं सगळं वर!” त्यानं शिडी उचलली. “आता द्या, लुपेताई, पोरीकडे फोन. आईला बोलायचंय.”

लुपेनं मागे वळून पाहिलं.

“दोन्या, शवपेटीचं झाकण उघडू देत नाहीत हो इथे,” ती म्हणाली. “फोन वरच ठेवते. तिच्या कानाच्या बाजूला.”