बाराचा भोंगा

बाईंनी कागद पुढे सरकवला. त्यावर तारीख, गाव आणि वेळ होती. दुपारी ठीक बारा. नाव नव्हतं.

"एकच सांगा गुरुजी," त्या म्हणाल्या. "हा माणूस वेळ झाली की खुर्चीवरून उठेल का?"

ज्योतिष्याने पंचांग उघडलं, आकडेमोड केली, पत्रिका मांडली. मांडता मांडता त्याचा हात थांबला. ही तारीख आणि हे बारा शाळेतल्या पोरांनाही पाठ होतं. भाऊ प्रत्येक सभेत सांगत, "कारखान्याचा बाराचा भोंगा झाला आणि मी जन्मलो. कामगारांना जेवायची सुट्टी देतच आलो मी!" मग लोक टाळ्या पिटत. हल्ली सभा सुरू व्हायच्या आधी भोंगाच वाजवत.

"ही तर भाऊंची," तो म्हणाला.

"तुम्हा सगळ्यांचा भाऊ. माझा नुसता धाकटा."

भाऊ दोनदा निवडून आले होते आणि अशा माणसाने तिसऱ्यांदा उभं राहायचं नाही, अशी कायद्यात अट होती. ती काढून टाकावी का, यावर पुढच्या आठवड्यात लोक मत देणार होते. उद्या त्यासाठीच मोठी सभा होती आणि थोरल्या बहिणीने तिथे दोन शब्द बोलावेत, असा भाऊंचा निरोप आला होता. 'याला लहानपणापासून कशाचा मोह नाही,' एवढंच बोलायचं.

"लोक माझं ऐकतील," बाई म्हणाल्या. "आजवर मी कधी तोंड उघडलं नाही ना, म्हणून."

भाऊ जिंकतील का, हे ज्योतिष्याला शंभर जणांनी विचारलं होतं. उठतील का, हे कुणीच नाही. तो खुर्ची ओढून कागदावर वाकला.

"सिंह लग्न. म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्वेला सिंह रास उगवत होती. रवी थेट डोक्यावर. राजाच की हा! लोक मागे धावणार. पण चंद्रावर शनीची नजर आहे. याला जवळची माणसं खुपतात. 'नाही' म्हणणारा तर डोळ्यासमोर नको. लहानपणी हरायला लागला की पत्ते उधळायचा का?"

"सोंगट्या. वर म्हणायचा, वाऱ्याने पडल्या."

"मग आणखी काय पाहायचं? हा आपणहून उठायचा नाही."

तो पेन खाली ठेवणार, तेवढ्यात त्याला दिसलं की सिंह लग्न नुकतंच लागलेलं आहे. पाव तास अलीकडे असतं, तर सगळी पत्रिकाच बदलली असती. त्याने सवयीने दाराकडे पाहिलं. दाराजवळची खुर्ची रिकामी होती.

त्या खुर्चीत त्याची बायको बसायची. तिला पत्रिकेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण येईल त्याला ती आधी विचारायची, "वेळ कुणाच्या घड्याळाची?" त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय कुणाला आत सोडायची नाही. तिला जाऊन आठ महिने झाले होते. आठ महिन्यांत त्याने कुणालाच हे विचारलं नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "वेळ कुणाच्या घड्याळाची?"

बाईंनी कागदावरच्या बारावर बोट ठेवलं.

"भोंग्याची," त्या म्हणाल्या. "माझं घड्याळ वेगळं होतं. मी सात वर्षांची. नुकतंच घड्याळ वाचायला शिकले होते. आईच्या खोलीबाहेर बसवलं होतं मला, दुसरं काय करणार? भिंतीवरचं घड्याळ वाचत होते. लहान काटा बाराच्या अलीकडे, मोठा आठावर. आणि आतून हा रडला."

"अकरा चाळीस."

"भोंगा नंतर झाला. त्या आवाजाला घाबरून हा पुन्हा रडला. आई मला हसून हसून सांगायची." बाई स्वतःही थोडं हसल्या. "पहिल्या निवडणुकीत मला म्हणाला, ताई, वीस मिनिटांनी कुणाचं काय बिघडतं?"

ज्योतिष्याने कोरा कागद घेतला. पहिल्यांदाच पत्रिका मांडत असल्यासारखा तो घाईने लिहू लागला. मग त्याचा वेग कमी झाला.

"काय निघालं?"

"कर्क लग्न. सगळे ग्रह एकेक घर सरकले. हा माणूस घरओढा आहे बाई. काम झालं की चपला घालून घरी जाणारा. हा उठला असता."

"मग खरी पत्रिका कुठली?"

"जन्मला तो ही कर्केची घेऊन. पण जन्मभर चालवली ती सिंहाची." त्याने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "वीस मिनिटं त्याने घेतली, तेव्हा कुणी काही बोललं?"

"कोण बोलणार? एकट्या मला ठाऊक. आणि आईला."

बाहेर रस्त्यावर भोंगा वाजला. उद्याच्या सभेची गाडी फिरत होती. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा झाले होते.

समोरच्या सुताराच्या दुकानातली करवत बंद पडली. "चला, भाऊंनी सुट्टी दिली!" कुणीतरी ओरडलं. दोघं कामगार अंगावरचा भुसा झटकत बाहेर आले आणि पायरीवर बसून डबे उघडू लागले. दोघांच्याही मनगटावर घड्याळं होती.

बाई खिडकीतून पाहत राहिल्या. मग उठल्या. दोन्ही कागद टेबलावर तसेच ठेवून, रिकाम्या खुर्चीला वळसा घालून बाहेर पडल्या. ज्योतिषी खिडकीशी आला. त्या रस्ता ओलांडत होत्या.

"झाकणं लावा रे," त्या कामगारांना म्हणाल्या.

"का आजी? भोंगा झाला की!"

"भोंगा झाला," बाई म्हणाल्या. "बारा अजून वाजायचेत."