पुसलेला ठिपका

१९९४ साली प्रज्ञाताईने सोनगीरजवळच्या पाझर तलावाचा बांध धुळ्याच्या कॉलेजातल्या कॉम्प्युटरवर उभा केला. माती म्हणजे पिवळे ठिपके, पाणी म्हणजे निळे. चार वाजता सरांना दाखवायचा, नाहीतर वर्ष गेलंच! आणि पाणी टेकलं रे टेकलं की ठिपके लाह्यांसारखे उडत.

“बठ्ठा उडी ग्यात वं ताई!” शेजारच्या खुर्चीतून वैशाली ओरडली.

“उडू दे. कॉम्प्युटर लांब ढांगा टाकतोय.” ताईने दोन हिशेबांमधला वेळ निम्मा केला आणि ठिपके शहाण्यासारखे बसले. काय बाई डोकं!

एकच पिवळा ठिपका पाण्याच्या उलट चालत राहिला. ताईने वेळ आणखी निम्मा केला, तरी तो चाललाच. शेवटी तिने त्याला फाईलमधून पुसूनच टाकलं.

बांध टिकला! वैशाली टाळी वाजवणार, तोच ठिपके एकेक करून बाजूला सरकू लागले, कुणाला तरी वाट द्यावी तसे. पुसलेल्या ठिपक्याएवढी एक रिकामी जागा पाण्याच्या उलट चालत पडद्याच्या वैशालीकडच्या कडेला येऊन थांबली.

ताईचा आवाज जराही कापला नाही.

“वैशू, खुर्ची मागे घे. त्याला येऊ दे.”