निर्णय तुमचाच

बारामतीच्या प्रशिक्षणात वरिष्ठांनी पर्यावरण अधिकारी स्वराली यांना सगळ्यांसमोर सांगितलं, "इथून पुढं प्रकल्पाला हो म्हणायचं की नाही, हे तुम्हीच ठरवायचं. वरून फोन येणार नाही."

पुढच्याच आठवड्यात वरकुटे गावच्या माळावर होणाऱ्या नव्या डिस्टिलरीसाठी, म्हणजे मद्यार्काच्या कारखान्यासाठी, जनसुनावणी होती. गावातल्या शेतकरी म्हाळसाबाई माईकपाशी आल्या आणि त्यांनी आपल्या विहिरीच्या पाण्याची बाटली टेबलावर ठेवली.

"एका कारखान्यानं पाणी आसं तांबडं केलंय, बाई. आता दुसरा आला तर जनावरांनी प्यायचं काय?"

स्वरालींनी पाणी तपासून घेतलं, सगळं शिवार पायी फिरून पाहिलं आणि परवानगी नाकारली. खरोखरच कुणाचा फोन आला नाही. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच त्यांना स्वतःच्या सहीचा अभिमान वाटला.

दिवाळी झाली आणि त्याच माळावर डिस्टिलरीचं भूमिपूजन झालं. स्वराली तडक वरिष्ठांच्या केबिनमध्ये गेल्या.

"साहेब, माझा निर्णय कुणी बदलला?"

साहेबांनी त्यांना बसायला सांगितलं आणि चहा मागवला.



"कुणीच नाही, मॅडम. तुमचा नकार तसाच आहे. फक्त असल्या कारखान्यांना आता परवानगीच लागत नाही."